चार नंबरचा सेट

ज्या माणसाविषयी हे लिहितो आहे त्याला आम्ही फायर स्टेशनवर कानोतावाला म्हणायचो. जयपूरच्या पूर्वेला कानोता नावाचं गाव आहे, तिथला तो. घरी थोडी शेती होती, दोन म्हशी होत्या. मोटारसायकलवरून ड्यूटीला यायचा. हुद्द्याने लीडिंग फायरमन, वय चाळिशीच्या पुढे, बोलणं मोजकं. मी त्या स्टेशनचा इन्चार्ज होतो.

माझं सांगायचं तर आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. वडील रेल्वेच्या पटरीखात्यात होते. मी सहावीत असताना ते आपसात बदली करून जयपूरला आले. मी इथल्या हिंदी शाळेत शिकलो आणि पुढे इथेच अग्निशमन खात्यात लागलो. घरात अजून वर्ध्याची बोली चालते. दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी. स्टेशनवरचं सगळं बोलणं हिंदीतच व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहितो आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या साहेबांना सांगितलं होतं, की शिडीची एक पायरी हलते. त्यांनी सगळ्यांसमोर मला त्याच शिडीवर दहा वेळा चढायला-उतरायला लावलं. "टिकली की नाही?" असं प्रत्येक वेळी विचारलं. बाकीचे हसले, मीही हसलो. त्या दिवशी मी जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. तक्रार घेऊन जो पुढे जातो, ती तक्रार त्याच्याच गळ्यात पडते.

इन्चार्ज झाल्यावर मीही तसाच वागलो. याला मी शिस्त म्हणायचो. घंटा वाजल्यापासून गाडी फाटकाबाहेर पडायला माझ्या स्टेशनला सगळ्यात कमी वेळ लागायचा. बूट चमकत असायचे, होजपाइप एका रेषेत गुंडाळलेले असायचे. वरचे साहेब पाहणीला आले की मी सांगायचो, "माझ्याकडे काही बिघडत नाही." ते खूश व्हायचे आणि मला वाटायचं, मी खरंच बोलतो आहे.

मे महिन्यातल्या एका सकाळी फॉल-इनला, म्हणजे शिफ्ट बदलताना सगळे रांगेत उभे राहतात तेव्हा, कानोतावाला एक पाऊल पुढे आला. म्हणाला, "साब, दोन नंबरच्या होजच्या जोडातून पाणी जातंय. प्रेशर पुढे पोचत नाही."

मी म्हणालो, "काल संध्याकाळपर्यंत नीट होती. तुझी शिफ्ट लागली आणि बिघडली?"

मी गाडीकडे बोट केलं.

"खांद्यावर घे ती होज आणि यार्डात उभा राहा. बिघडली कशी ते आठवलं की आत ये."

जयपूरच्या मे महिन्यात सकाळी नऊलाच यार्डातलं सिमेंट तापतं. तो तासभर उभा होता. मी खिडकीतून दोनदा पाहिलं. एकदाही त्याने होज खाली टेकवली नाही. मग मीच निरोप पाठवला, की पुरे. त्याने होज जागेवर नेऊन ठेवली, माठातलं पाणी प्यायला आणि कामाला लागला. पुढच्या आठवड्यात ती होज मी कुणाला न सांगता दुरुस्तीला पाठवली. जोड खरंच झिजलेला होता. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

त्याच सुमारास आमच्याकडे बदली होऊन एक फायरवुमन आली. आमच्या स्टेशनवरची पहिली स्त्री. पहिल्या दिवशी मी तिला केबिनमध्ये बोलावून म्हणालो, "इथे कसली सवलत मिळणार नाही." ती म्हणाली, "मागितली नाहीये, सर." उत्तर मला आवडलं होतं. आपण किती सरळ माणूस आहोत असंही तेव्हा वाटलं होतं.

दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं आणि प्रताप नगरच्या पुढे एका गाद्यांच्या गोदामाला आग लागल्याची वर्दी आली. गोदाम जमिनीखाली होतं, वर दुकान. फोम जळत असल्यामुळे काळा, जड धूर जिन्यातून वर येत होता. बाहेर गर्दी होती. गोदामाचा राखणदार माझा हात धरून सांगत होता, "आत एक कारागीर आहे. मी त्याला उतरताना पाहिलंय."

अशा धुरात श्वासाचा सेट लावल्याशिवाय उतरता येत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. हवा संपत आली की सेटची शिट्टी वाजते. ती वाजली की हातातलं काम टाकून बाहेर यायचं, एवढा साधा नियम. धुरात सिलिंडरमधली हवा दाखवणारा काटा दिसत नाही. तिथे भरवसा शिट्टीवरच. आमच्याकडे असे सहा सेट होते, त्यांच्यावर पांढऱ्या रंगात आकडे घातलेले. कानोतावाल्याने चार नंबर उचलला आणि फायरवुमनने एक नंबर. आत जाताना दोघं लागतात, तसे ते दोघं खाली उतरले. तो पुढे होजचं तोंड धरून, ती मागे होज ओढत.

मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. गाडीच्या पंपावर आमचा ड्रायव्हर होता, ज्याला सगळे उस्ताद म्हणत. स्टेशनवर वयाने सगळ्यात मोठा. मी घड्याळ पाहत होतो. ठरलेली वेळ व्हायला अजून बराच अवकाश होता. पण पुढे होज धरणारा माणूस जास्त राबतो आणि त्याची हवा लवकर संपते, हे मला माहीत होतं. मी शिट्टीकडे कान लावून होतो. शिट्टी वाजली नाही, म्हणून मी निश्चिंत होतो.

मग होज हलायची थांबली. थोड्या वेळाने जिन्याच्या खालच्या पायरीवर फायरवुमन दिसली. पाठमोरी, वाकलेली, त्याला खांद्याच्या पट्ट्याला धरून ओढत. त्याचा मास्क निघालेला होता. मी आणि उस्ताद खाली धावलो आणि तिघांनी मिळून त्याला वर आणलं. त्याचा चेहरा काजळीने भरला होता आणि ओठ निळे पडले होते. श्वास चालू होता, पण त्याचा आवाज ऐकवत नव्हता.

मास्क बाजूला सारून ती म्हणाली, "सर, शिट्टी वाजलीच नाही. तो एकदम मास्क ओरबाडायला लागला."

आत कोणीच नव्हतं. तो कारागीर कधीच वर येऊन समोरच्या गल्लीत जेवायला गेला होता. तो गर्दीतून पुढे आला, तेव्हा त्याच्या हातात अर्धी रोटी तशीच होती.

कानोतावाल्याला इस्पितळात अतिदक्षता विभागात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि उस्ताद बाहेरच्या बाकावर बसलो होतो. डॉक्टर सांगून गेले होते, की जिवावरचं टळलंय, पण फुप्फुसं पूर्वीसारखी होणार नाहीत. मी आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणालो, "शिट्टी नेमकी कालच बिघडावी."

उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "काल नाही बिघडली, साब. जून-जुलैपासून बंद आहे."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. सकाळच्या तपासणीत त्यालाच दिसलं होतं. सेट बाजूला काढला तर गाडीवर पाचच दिसतील आणि विचारणा होईल, म्हणून तेव्हापासून त्याच्या शिफ्टला चार नंबर तो स्वतःच घ्यायचा. दुसऱ्या कुणाला उचलू द्यायचा नाही. दुसऱ्या शिफ्टवाल्यांनाही त्याने सांगून ठेवलं होतं, की चार सोडून घ्या."

 मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलं?"

उस्ताद उठून उभे राहिले. मग म्हणाले, "उन्हात कोण उभं राहील, साब?" एवढं बोलून ते चहा आणायला गेले. ते परत येईपर्यंत मी बाकावरून उठलो नाही.

ते वाक्य अजून माझ्यात आहे. त्यात राग नव्हता, ठपका नव्हता. उद्या पाऊस आहे म्हणून छत्री घ्या, असं सांगावं तसं ते बोलले होते. माझ्या स्टेशनवरच्या माणसांनी मला हवामान समजून माझ्याशी जुळवून घेतलं होतं. त्यातल्या एकाने तो बंद शिट्टीचा सेट चार महिने आपल्या पाठीवर वागवला होता, दुसऱ्याच्या पाठीवर जाऊ नये म्हणून.

चौकशी लागली. दहा-बारा दिवसांनी वरच्या साहेबांनी बोलावलं आणि टाइप केलेला कागद समोर ठेवला. त्यात लिहिलं होतं, की संबंधित कर्मचाऱ्याने वापरण्यापूर्वी उपकरणाची नीट तपासणी केली नाही.

"सही कर," ते म्हणाले. "त्याला नुसती ताकीद मिळेल, उपचार चालू राहतील. तुझ्यावरही काही येणार नाही. सगळ्यांचं भलं यात आहे."

मी एक दिवस मागून घेतला आणि कागद घरी आणला.

प्रताप नगरमधल्या हाउसिंग बोर्डाच्या घरात आम्ही राहतो. वडील रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी ते गॅलरीत मटार सोलत बसले होते. आत आईची बुद्धवंदना चालली होती. मी खाली बसलो आणि त्यांच्या ताटातले मटार सोलायला घेतले. वडिलांशी मी कामाचं कधी बोलत नाही, पण त्या दिवशी मे महिन्यातली होज, चार नंबर, गोदाम आणि हा कागद, सगळंच सांगितलं.  ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

वडील पटरीवर कीमन होते. रोज काही मैल रुळांवरून पायी चालायचं आणि रूळ, ते धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या, बोल्ट तपासायचे, हे त्यांचं काम. हिवाळ्यात थंडीने रूळ आकसतात आणि कधी कधी तडकतात.

"मले तीनदा तडा दिसला," ते म्हणाले. "पहिले लाल झेंडी दाखवून गाडी थांबवाची, मंग खबर द्याची. तिन्ही वेळा साहेबानं सगळ्यायसमोर पाठ थोपटली. एकदा तं शाबासकीचा कागद भेटला. तडा तुनंच पाडला का, असं कोनी नाई इचारलं."

मी खाली मान घालून शेंगा सोलत होतो.

"तुमच्याकडं जो सांगते, त्याले काय भेटते?"

  त्यांनी माझ्याकडून ताट ओढून घेतलं आणि म्हणाले, "जा, हात धुऊन घे. अन् तो कागद वाच पुन्हा. त्याच्यात खरं किती हाय ते पाहा."

मी पुन्हा वाचला. त्याने तपासणी केली नाही, असं त्यात होतं. आमच्या स्टेशनवर सगळ्यात नीट तपासणी करणारा तोच होता.

मी सही केली नाही. दीड पान हाताने लिहिलं. शिट्टी चार महिने बंद होती. हे सगळ्या कर्मचाऱ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. आणि सांगितलं नाही त्याला माझं वागणं कारण आहे. मे महिन्यातला प्रसंगही तसाच लिहिला. साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे फायलीत गेलं तर तुझंच नुकसान आहे."

"हो, साब."

"आणि याने त्याची फुप्फुसं काही परत येणार नाहीत."

"नाही येणार."

त्यांनी कागद फायलीत ठेवला. माझ्या सेवापुस्तकात ठपका आला आणि पुढच्या बढतीच्या यादीत माझं नाव नव्हतं. याबद्दल मला काही म्हणायचं नाही. हे सांगतो ते एवढ्यासाठी, की त्यानंतर काही दिवस मी स्वतःला मोठा प्रामाणिक माणूस समजू लागलो होतो. तेही चुकीचंच होतं. लिहून दिल्याने स्टेशनवर काहीच बदललं नव्हतं.

एका सकाळी फॉल-इनला मी सगळ्यांसमोर उभा राहिलो आणि बोललो. रात्रभर जुळवलेली वाक्यं तिथे आठवली नाहीत. म्हणालो, "मे महिन्यात मी जे केलं ते चूक होतं. होजचा जोड खरंच झिजला होता. मी तो गुपचूप दुरुस्त करून आणला आणि तुम्हाला सांगितलं नाही. चार नंबरचंही मूळ तिथेच आहे. आजपासून जो बिघाड सांगेल त्याला मी एक शब्द बोलणार नाही. तुम्ही सांगा."

 उस्ताद आपल्या बुटांकडे पाहत होते. मी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" तरी शांतता. मग आम्ही कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, की आधी मी सांगायचं. रोज आपली एक चूक किंवा मला दिसलेली एक खोट. एकदा सांगितलं, की सांगानेरच्या वर्दीला मी चुकीच्या गल्लीतून गाडी घातली होती आणि दोष रस्ता सांगणाऱ्यावर ढकलला होता. एकदा सांगितलं, की आगीवर फेस मारायच्या नव्या मशीनची कळ मला अजून नीट जमत नाही. ते ऐकत होते. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मागच्या रांगेत एकदा कोणीतरी हळूच हसलं, तेव्हा पहिल्या वर्षीची ती शिडी आठवली. 

असे दहा-अकरा दिवस गेले. मग एका सकाळी ती फायरवुमन पुढे आली.

"सर, माझं जॅकेट," ती म्हणाली. "सगळी जॅकेटं पुरुषांच्या मापाची आहेत. बाह्या हातावर येतात, पकड सुटते. त्या दिवशी गोदामात त्याचा पट्टा हातात येईना, म्हणून मी बाह्या कोपरापर्यंत सरकवल्या होत्या."

तिने मनगटावरचं घड्याळ काढलं. खाली भाजल्याची खूण होती, बरी होत आलेली, गुलाबी. आग लागून महिना उलटला होता. मी रोज तिला पाहत होतो आणि ती खूण मला दिसली नव्हती. तिने ते दुखापतीच्या नोंदवहीत लिहिलंही नव्हतं.

"आणि कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही," ती पुढे म्हणाली. "मी आल्यापासून घरूनच गणवेश घालून येते."

"इतके दिवस का नाही सांगितलंस?" माझ्या तोंडून निघून गेलं. वाक्य पूर्ण होतानाच मला कळलं, की हा तोच जुना प्रश्न आहे, फक्त आवाज खालचा.

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात, सवलत मिळणार नाही."

मी म्हणालो, "ही सवलत नाही. चूक माझी आहे." त्याच दिवशी सुतार बोलावून कडी बसवली. जॅकेटला तीन महिने लागले, कारण आमच्या खात्यात तिच्या मापाचं जॅकेटच नव्हतं. मला पाच पत्रं लिहावी लागली आणि दोनदा जाऊन बसावं लागलं. जॅकेट आलं तेव्हा ती नुसतं "ठीक आहे, सर" म्हणाली. पण त्या सकाळनंतर बाकीचेही एकेक बोलू लागले. दुसऱ्या गाडीचा ब्रेक, यार्डातला बंद दिवा, एकाची दुखरी कंबर. सुरुवातीला सांगताना सगळे माझ्याकडे पाहून अंदाज घ्यायचे. मी फक्त "बरं" म्हणायचो आणि काम लावून द्यायचो. नंतर ते एकमेकांकडे पाहून बोलायला लागले. मला ते बरं वाटलं.

उस्ताद फॉल-इनला कधी काही बोलले नाहीत. एका दुपारी ते केबिनमध्ये आले, दार लावून घेतलं आणि उभेच राहिले. मी त्यांना बसायला सांगितलं.

"माझ्या डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही, साब. वर्ष झालं असेल. समोरून उन्हाची तिरीप आली की सगळं पांढरं होतं." ते थांबले. "गाडी काढून घेतील म्हणून बोललो नाही."

वर्षभर हा माणूस आम्हा सगळ्यांना गाडीत बसवून, सायरन वाजवत जयपूरच्या रहदारीतून नेत होता.  जुना मी असतो तर काय बोललो असतो ते शब्दसुद्धा मला ऐकू आले. मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणालो, "आजपासून पंपावर थांबा. डोळा दाखवू. मोतीबिंदू असेल तर काढता येतो. गाडी तुमचीच आहे." मोतीबिंदूच निघाला. शस्त्रक्रियेनंतर तपासणी होऊन ते परत गाडीवर बसले आणि निवृत्त होईपर्यंत बसले.

हे सगळं सरळ घडत गेलं असं वाटेल, पण तसं नव्हतं. जानेवारीत एकदा धुक्यामुळे गाडी बाहेर काढायला उशीर झाला. वरून फोन आला, आणि फोन ठेवताक्षणी मी सगळ्यांसमोर एका फायरमनवर बरसलो. जुने सगळे शब्द जसेच्या तसे तोंडात तयार होते. दुसऱ्या दिवशी फॉल-इनला मी विचारलं, "काही सांगायचंय?" आणि रांगेत पुन्हा तीच शांतता. मी त्या माणसाची सगळ्यांसमोर माफी मागितली. तरी पुढचे तीन आठवडे बिघाड म्हणून माझ्यापर्यंत काही आलं नाही. इतक्या आठवड्यांत जमलेलं एका मिनिटात गेलं होतं. ते परत जमवायला उन्हाळा उजाडला.

कानोतावाला त्याच्या घरी होता. मी त्याला भेटायला इस्पितळात गेलो होतो, पण तिथे नळ्या होत्या, माणसं होती, बोलणं झालं नव्हतं. फेब्रुवारीत एका रविवारी मी कानोत्याला गेलो. गावाजवळच्या बंधाऱ्याकडे सहलीला निघालेल्या गाड्यांच्या मागून जावं लागलं. तो अंगणात कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. उठू लागला तेव्हा मी त्याला बसवलं. त्याच्या बायकोने ताकाचा पेला माझ्या हातात दिला आणि ती आत गेली. ती माझ्याशी बोलली नाही.

मी म्हणालो, "मी माफी मागायला आलोय. होजबद्दल, आणि त्यानंतरच्या सगळ्याबद्दल."

त्याचा आवाज घोगरा झाला होता आणि वाक्याच्या मध्ये त्याला श्वास घ्यावा लागत होता. "माझी मुलगी बारावीला आहे," तो म्हणाला. "ती विचारते, पप्पा, तुम्हाला माहीत होतं तर सांगितलं का नाही? तिला काय सांगू, साब?"

"खरं सांग."

"खरं हे, की मी घाबरलो. उन्हाला नाही. सगळे बघत होते त्याला." तो थांबला. "आगींमध्ये वीस वर्षं गेली. तिला वाटतं, बाप कशालाच घाबरत नाही."

मी म्हणालो, "मी तिला सांगू का? माझ्यामुळे झालं म्हणून?"

"आज नको." त्याने डोळे मिटून थोडा वेळ श्वास घेतला. "ताक प्या. गरम होईल."

मी ताक प्यायलो. आम्ही म्हशींविषयी बोललो, गव्हाविषयी बोललो. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. निघताना तो फाटकापर्यंत आला, त्याला मध्ये एकदा थांबावं लागलं. मी त्याच्या बरोबरीने थांबलो.

वैद्यकीय तपासणीनंतर त्याला कंट्रोल रूमला घेतलं. वर्दी घेणं, पत्ता नीट विचारणं, गाड्या पाठवणं. तो तिथे चांगला आहे असं सगळे सांगतात. घाबरलेल्या माणसाकडून पत्ता काढून घ्यायला जो धीर लागतो तो त्याच्याकडे आहे.

गेल्या वर्षी नव्या भरतीच्या मुला-मुलींचं प्रशिक्षण होतं. श्वासाच्या सेटची तपासणी शिकवायला मी त्याचं नाव सुचवलं. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. वर्ग भरलेला होता. मी मागच्या बाकावर बसलो. त्याने सेट टेबलावर ठेवला आणि हळूहळू बोलू लागला. गोदाम, फोम, धूर. मग म्हणाला, "शिट्टी बंद होती हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. चूक माझी."

मला राहवलं नाही. मी उभा राहून म्हणालो, "त्याने आधी एकदा बिघाड सांगितला होता. तेव्हा मी त्याला शिक्षा केली होती. सगळ्यांसमोर. म्हणून तो नंतर बोलला नाही."

वर्गातली सगळी डोकी मागे वळली. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

"बसा, साब," तो म्हणाला. "माझं अजून सांगून व्हायचंय."

मी बसलो. तो मध्ये थांबत, श्वास घेत, पाऊण तास बोलला. चार नंबर रोज पाठीवर घेताना काय वाटायचं ते त्याने सांगितलं. घरून निघताना तो मुलीला हाक मारायचा आणि ती आतूनच ओ द्यायची. हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेवटी एका मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला राग नाही येत?"

"येतो," तो म्हणाला. आणखी काही जोडलं नाही.

वर्ग सुटल्यावर मी त्याला चहाला थांब म्हणालो. त्याची कंट्रोल रूमची ड्यूटी दोनला सुरू होणार होती. तो म्हणाला, "पुन्हा कधीतरी, साब," आणि जिना उतरू लागला, प्रत्येक वळणावर कठड्याला धरून जरा थांबत. मुलं त्याच्या मागे होती. कोणीही त्याला ओलांडून पुढे गेलं नाही.